निसणा : धार देणाऱ्या दगडाची सपाटी आणि जपणूक

धार ही साहित्याची फार जुनी आणि फार लाडकी प्रतिमा आहे. बुद्धीला धार असते, वाणीला धार असते, विरहाच्या रात्रीलाही कवी धार देतात. ज्या दगडावर ही धार निपजते त्याचा उल्लेख मात्र साहित्यात क्वचित येतो, आणि येतो तेव्हा बहुधा एकाच भूमिकेत येतो. दगड देतो आणि पोलाद घेते. दगड अचल राहतो आणि पाते पालटते. वस्तरा परजणाऱ्या कारागिराचा अनुभव ह्याहून वेगळा आहे. धार देता देता दगड स्वतः झिजतो, मध्ये खोल जातो, आणि असा खोलगट झालेला दगड पुढे प्रत्येक पात्याला आपलीच विकृती देत राहतो. म्हणून वस्तरा परजण्याच्या विद्येत दगड सपाट करणे आणि सपाट राखणे हे निम्म्याहून अधिक काम असते. प्रस्तुत लेखात ह्या दगडाची वाङ्मयीन प्रतिमा, त्याची शब्दकुळी आणि त्याच्या जपणुकीचे शास्त्र ह्यांचा एकत्र विचार केला आहे. प्रतिमेत काय गळाले आहे हे व्यवहार नीट पाहिल्याखेरीज कळत नाही.

१. दगडाची वाङ्मयीन प्रतिमा

रोमन कवी होरेस ह्याने आपल्या काव्यकलाविषयक पद्यपत्रात निसण्याची भूमिका स्वतःकडे घेतली आहे. आपण स्वतः काव्य न रचता कवीचे कर्तव्य काय ते शिकवू, असे तो म्हणतो, आणि त्यासाठी पोलादाला धार देणाऱ्या पण स्वतः कापू न शकणाऱ्या दगडाचा दाखला देतो. समीक्षकाची ही बहुधा सर्वांत प्रसिद्ध प्रतिमा होय. भर्तृहरीच्या नीतिशतकात शाणेवर घासलेल्या रत्नाचा दृष्टान्त आहे. रत्न कृश होते, पण त्या कृशतेनेच शोभते. दानाने क्षीण झालेला दाताही तसाच शोभतो, असा त्याचा आशय आहे. वामन पंडितांनी भर्तृहरीची शतके मराठीत आणली आणि ही प्रतिमा मराठी वाचकाच्या परिचयाची झाली. दोन्ही दृष्टान्तांत झिजणारी वस्तू दगडावर घासली जाणारी आहे. दगडाच्या झिजेचा विचार होरेसला सुचत नाही आणि भर्तृहरीलाही सुचत नाही.

लिव्ही ह्या रोमन इतिहासकाराने सांगितलेली एक कथा येथे विशेष लक्षणीय आहे. राजा तार्क्विनियस प्रिस्कस ह्याने शकुनज्ञ आत्तुस नावियस ह्याची परीक्षा पाहण्यासाठी त्याला विचारले की, आपल्या मनात आहे ते घडू शकेल काय? शकुन पाहून त्याने होकार दिला. तेव्हा राजा म्हणाला, वस्तऱ्याने निसणा कापावा असे आपल्या मनात होते. नावियसने तो कापला, असे कथा सांगते. हा चमत्कार ठरतो तो उलटापालटीमुळे. दगडाने पाते झिजावे हा क्रम, पात्याने दगड दुभंगणे हा अद्‌भुत. प्रत्यक्षात मात्र वस्तरा रोजच दगड कापत असतो, फक्त फार हळू. चमत्कारात जे एका क्षणात घडले, ते कारागिराच्या दुकानात वर्षभर घडत राहते.

सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये ही प्रतिमा गणितातही शिरली. मूळचा वेल्समधील गणिती रॉबर्ट रेकॉर्ड ह्याने १५५७ साली बीजगणितावरील आपल्या ग्रंथाला ‘बुद्धीचा निसणा’ अशा अर्थाचे नाव दिले. समानतेचे दोन समांतर रेषांचे चिन्ह प्रथम ह्याच ग्रंथात छापले गेले. त्या नावात श्लेष आहे. अज्ञात राशीसाठी इटालियन गणिती ‘कोसा’ म्हणजे ‘वस्तू’ हा शब्द वापरीत, आणि निसण्याला लॅटिनमध्ये ‘कॉस’ असे म्हणतात. येथेही दगड हा बुद्धीला धार देऊन बाजूला राहणारा निर्विकार सहायकच आहे.

मराठीत ह्या संदर्भात सेना न्हावी ह्यांचे स्मरण अपरिहार्य आहे. आपल्या व्यवसायावर रूपक रचलेल्या त्यांच्या सुप्रसिद्ध अभंगात विवेक हा आरसा होतो, वैराग्य हा चिमटा होतो आणि शांती हे पाणी होते. प्रचलित पाठात धोकटीतील एवढी सामग्री येते. वस्तरा आणि निसणा येत नाहीत. आरसा, चिमटा आणि पाणी ही गिऱ्हाइकाला दिसणारी साधने होत. दगडावरचे काम गिऱ्हाईक येण्यापूर्वीच उरकलेले असते. रूपकातील ह्या अनुपस्थितीवरून फार मोठा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. परंतु व्यवसायातील कोणते श्रम दिसतात आणि कोणते दिसत नाहीत, ह्याची ती एक सूचक खूण आहे.

२. शब्दकुळी

‘क्षुर’ हा वस्तऱ्याला असलेला शब्द ऋग्वेदाइतका जुना आहे. आठव्या मंडलात, वस्तरा परजावा तसे आम्हांला तीक्ष्ण कर, अशी प्रार्थना आहे. तेथे वस्तऱ्याबरोबर आलेल्या ‘भुरिज्’ ह्या शब्दाच्या अर्थाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पण परजण्याची क्रिया निःसंशय आहे. कठोपनिषदातील वस्तऱ्याच्या धारेला ‘निशित’ हे विशेषण लावले आहे. तो मार्ग दुर्गम आहे, एवढेच वाचकाच्या लक्षात राहते. ‘निशित’ म्हणजे परजलेली, म्हणजे कोणीतरी कशावर तरी घासून तयार केलेली, ही गोष्ट विशेषणातच दडून बसते. सॉमरसेट मॉम ह्याने १९४४ साली ह्याच वचनावरून आपल्या कादंबरीचे नाव घेतले, तेव्हाही धार पाश्चात्त्य वाचकापर्यंत गेली. दगड मागेच राहिला.

दगडाचा सरळ आणि निर्मळ उल्लेख सापडतो तो पाली विनयपिटकात. चुल्लवग्गाच्या पाचव्या खंधकात भिक्षूंच्या केसांविषयी नियम आहेत. केस दोन महिन्यांपेक्षा अधिक काळ किंवा दोन बोटांपेक्षा अधिक लांब ठेवू नयेत, असे सांगितले आहे, आणि त्याबरोबर वस्तरा, वस्तऱ्याचा दगड व इतर क्षौरसाहित्य बाळगण्याची अनुज्ञा दिली आहे. दगडासाठी तेथे ‘खुरसिला’ म्हणजे क्षुरशिला हा स्वतंत्र शब्द आहे. ज्या संघात प्रत्येकाने मुंडन केलेले असावे लागते, तेथे दगड विसरून चालत नाही. काव्याने जे सोडले ते नियमग्रंथाने नोंदवून ठेवले.

संस्कृत ‘शाण’ शब्दाचे मराठी रूप ‘सहाण’. हिंदीत त्याच कुळातील ‘सान’ धार लावण्याच्या अर्थाने राहिला. न्हाव्याच्या दगडाला तिकडे ‘सिल्ली’ असेही म्हणतात. मराठीत मात्र ‘सहाण’ मुख्यत्वे देवघरात गेली. आज सहाण म्हटले की चंदन उगाळण्याचा दगड डोळ्यांपुढे येतो. धारेचा अर्थ ‘निसणा’ ह्या शब्दाने सांभाळला. ह्या दोन दगडांत एक मार्मिक भेद आहे. देवघरातील सहाण वर्षानुवर्षे उगाळून मध्ये खोल झाली तर बिघडत नाही. उलट गंध त्या खोलगट भागात साचून राहते. घराण्याच्या सहाणेचा खळगा हा तिच्या वयाचा मान असतो. वस्तऱ्याच्या निसण्याला तोच खळगा घातक ठरतो. पाट्याची आणि जात्याची गोष्ट आणखी निराळी. ते झिजून गुळगुळीत झाले की दळत नाहीत, म्हणून त्यांना टाकी लावून पुन्हा खरखरीत करावे लागते. दगडाचीही निगा असते हे मराठी घराला ठाऊक होते. प्रत्येक दगडाची निगा त्याच्या कामाप्रमाणे वेगळी असते, एवढेच येथे ध्यानात घ्यावयाचे.

शब्दांचा प्रवास उलट दिशेनेही झाला आहे. दक्षिणेतील ‘कुरुंदम्’ ह्या तमिळ शब्दावरून ‘कोरंडम’ हे खनिजाचे नाव युरोपात रूढ झाले. मराठीत आपण त्याला कुरुंद म्हणतो. कुरुंदाची पूड लाखेत मिसळून चाके घडविणे ही भारतीय मणिकारांची आणि शिकलगारांची जुनी पद्धत होय. लॅटिनमध्ये वस्तऱ्याला ‘नोवाक्युला’ म्हणतात. त्यावरून अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात सापडणाऱ्या अतिसूक्ष्म स्फटिकी दगडाला ‘नोवाक्युलाइट’ हे नाव मिळाले. येथे दगडाचे नावच वस्तऱ्यावरून पडले आहे. धारेचे नाव दगडाला मिळाल्याची अशी उदाहरणे विरळा.

३. सपाटी कशासाठी

उघड्या पात्याच्या वस्तऱ्याची घडण समजून घेतल्यावाचून सपाटीचे महत्त्व कळणार नाही. सुरी परजताना कोन हाताने धरावा लागतो. वस्तऱ्याचे पाते मात्र दगडावर आडवे ठेवले की त्याची जाड पाठ आणि त्याची धार अशी दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतात. दोन्ही बाजू पोखरलेल्या असल्याने मधला भाग दगडाला लागत नाही. म्हणजे कोन पाठीच्या जाडीने ठरतो. पाते १६ मिलिमीटर रुंद आणि पाठ ४.५ मिलिमीटर जाड असेल, तर धारेचा एकूण कोन सुमारे १६ अंश येतो. परजताना पाठही धारेबरोबर किंचित झिजते, त्यामुळे हा कोन वर्षानुवर्षे जवळपास तसाच राहतो. वस्तऱ्याच्या घडणीतील हे मोठे चातुर्य आहे. पण ते एका गृहीतावर उभे आहे. पाठ आणि धार ज्यावर टेकतात तो दगड सपाट असला पाहिजे.

दगड सपाट नसेल तर काय होते ते थोड्या हिशेबाने दाखविता येते. दगड २०० मिलिमीटर लांब आहे आणि लांबीच्या मध्यभागी तो १ मिलिमीटर खोल गेला आहे असे समजू. हा खोलगटपणा ५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाच्या कंसाइतका होतो. १६ मिलिमीटर रुंदीचे पाते त्यावर ठेवले असता धारेपाशी दगडाचा उतार एका अंशाच्या दहाव्या भागापेक्षाही थोड्या कमी फरकाने बदलतो. हा फरक डोळ्यांना दिसणारा नाही आणि बोटांना जाणवणाराही नाही. परंतु धारेलगतचा घासला जाणारा अरुंद उतार अर्धा मिलिमीटर असेल, तर एवढ्या फरकाने धारेच्या टोकापाशी सुमारे ०.८ मायक्रॉनचे अंतर पडते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. चांगल्या वस्तऱ्याच्या धारेची जाडी ह्याच मापाच्या आसपास असते. म्हणजे खोलगट दगडावर परजलेले पाते पुढे सपाट अशा बारीक दगडावर आणले, तर तो दगड धारेच्या टोकाला लागतच नाही. फक्त उताराची मागची कड घासत राहतो. कारागीर शेकडो हात देतो, पाते चकाकते, पण धार येत नाही. दोष पोलादाचा नसतो आणि हाताचाही नसतो. तो आधीच्या दगडाच्या खळग्यात असतो.

रुंदीच्या दिशेने पडलेला खळगा अधिक उघडपणे त्रास देतो. सरळ पाते अशा दगडाच्या दोन काठांवर पुलासारखे टेकते आणि धारेचा मधला भाग अधांतरी राहतो. दगड उलट फुगीर असेल तर धारेचा मधला भागच जास्त झिजतो आणि कालांतराने धार आतल्या बाजूला वळते. अशी आत वळलेली धार पुढे कोणत्याही सपाट दगडावर मध्यभागी टेकत नाही. ती सरळ करण्यासाठी टाच आणि टोक दोन्हीकडचे पुष्कळ पोलाद घालवावे लागते. हात देताना पाते तिरके सरकवीत टाचेपासून टोकापर्यंत न्यावयाची जी रीत आहे, तिने लहानसहान असमतोल वाटला जातो. मोठा असमतोल मात्र तिनेही झाकत नाही. हातात धरण्याजोगा अरुंद दगड वापरणाऱ्याला रुंदीतील दोष कमी जाणवतो, कारण एका वेळी धारेचा थोडाच भाग त्यावर असतो. पण तेथे हाताचा दाब आणि चाल ह्यांवर सारा भार पडतो.

४. सपाट कसे करावे आणि सपाट आहे हे कसे ओळखावे

पहिली पायरी परीक्षेची. पोलादी पट्टीची सरळ कड दगडावर उभी धरून पलीकडून उजेड येऊ द्यावा. लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर, अशा चारही दिशांनी पाहावे. कर्ण वगळून चालत नाही. लांबीत आणि रुंदीत सरळ दिसणारा दगड पीळ पडलेला असू शकतो, आणि तो पीळ कर्णावरच उघड होतो.

दुसरी पायरी घासण्याची. जाड काचेचा तुकडा हलणार नाही अशा टेबलावर ठेवून त्यावर सिलिकॉन कार्बाइडचा पाण्यात चालणारा कागद पसरतात. १८९१ साली एडवर्ड अ‍ॅचिसन ह्याने हा पदार्थ कृत्रिम रीतीने बनविला आणि ‘कार्बोरंडम’ ह्या नावाने तो जगभर गेला. त्यापूर्वी हे काम वाळू, कुरुंदाची पूड किंवा दुसरा दगड ह्यांवर होत असे. दगडाच्या पृष्ठावर पेन्सिलीने उभ्या-आडव्या रेषांची जाळी आखावी आणि पाणी सोडीत दगड कागदावर फिरवावा. रेषा जेथे पुसतात तेथे उंचवटा आहे, जेथे राहतात तेथे खळगा आहे. सर्व रेषा एकसारख्या पुसल्या गेल्या की काम पुरे झाले. दगड थोड्या थोड्या वेळाने उलटसुलट फिरवावा, कारण हाताचा दाब नेहमी एका टोकावर अधिक पडतो. कागद नीट चिकटलेला नसेल तर दगडापुढे त्याची लाट उठते आणि दगडाची टोके गोलावतात. नवख्या हाताचा हा नेहमीचा दोष आहे. हिऱ्याचा चुरा बसविलेल्या पोलादी पट्टीने हे काम लवकर होते. पण ती पट्टी स्वतः सपाट आहे की नाही हे प्रथम पाहावे लागते. सुटी पूड काचेवर टाकून दगड घासला तर काचही झिजते आणि तिच्यातही कालांतराने खळगा पडतो.

येथे एक तात्त्विक अडचण उभी राहते. पेन्सिलीच्या रेषा पुसल्या गेल्या ह्याचा अर्थ दगड काचेशी जुळला एवढाच आहे. काचच वाकडी असेल तर? दगडाने दगड घासला तर ही अडचण अधिक तीव्र होते. एक दगड खोलगट आणि दुसरा तितकाच फुगीर असेल, तर दोघे एकमेकांवर तंतोतंत बसतात; रेषा पूर्ण पुसल्या जातात; आणि तरीही दोघांपैकी एकही सपाट नसतो. दोघांचे एकमत हा सत्याचा पुरावा ठरत नाही.

ह्यावरचा उपाय तिसरा दगड आणण्याचा आहे. एकाच जातीचे आणि सारख्या कणाचे तीन दगड घेऊन त्यांना खुणा करावयाच्या. पहिला दुसऱ्यावर, दुसरा तिसऱ्यावर आणि तिसरा पहिल्यावर, अशा फेऱ्या करीत जावयाचे. पहिला खोलगट व दुसरा फुगीर असा जोड जुळला, तर तिसरा पहिल्याशी जुळण्यासाठी फुगीर व्हावा लागेल. पण मग दुसरा आणि तिसरा हे दोन्ही फुगीर दगड एकमेकांशी जुळणार नाहीत. तिघेही परस्परांशी जुळतील असा वक्राकार संभवत नाही. जुळतील ते सपाट झाल्यावरच. यंत्रशाळांसाठी ह्या तत्त्वाची सुसंगत मांडणी जोसेफ व्हिटवर्थ ह्या इंग्रज अभियंत्याने १८४० साली ग्लासगो येथे भरलेल्या ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात केली आणि अचूक यंत्रनिर्मितीचा तो एक पाया ठरला. मात्र ह्या रीतीलाही एक मर्यादा आहे. तिन्ही दगडांत एकाच दिशेचा पीळ असेल तर ते तिघेही एकमेकांशी जुळू शकतात. चौकोनी पाट काटकोनात फिरवून हा पीळ घालविता येतो. निसणा लांबट असल्याने तो तसा पुरता फिरविता येत नाही. म्हणूनच शेवटी कर्णावर पट्टी धरून पाहणे चुकत नाही.

सपाट झालेल्या दगडाच्या कडा धारदार होतात. त्या तशाच ठेवल्या तर तिरक्या हाताने जाणाऱ्या पात्याला खाच पडण्याचा धोका असतो. म्हणून चारही कडा आणि कोपरे तिरके घासून दीड-दोन मिलिमीटर मारून टाकावेत. शेवटी दगड वाहत्या पाण्याखाली ब्रशने स्वच्छ करावा. सपाट करण्याच्या कागदाचा कण साठ-सत्तर मायक्रॉनचा असतो, तर शेवटच्या दगडाचा कण एक-दीड मायक्रॉनचा. असा एक जाड कण बारीक दगडात रुतून राहिला तर तो साऱ्या धारेवर ओरखडे काढतो.

५. दगडाची जात आणि तिची निगा

रोमन लेखक प्लिनी (मृत्यू इ. स. ७९) ह्याने निसण्यांचे वर्गीकरण त्यांना लागणाऱ्या द्रवावरून केले आहे. काहींना तेल लागते, काहींना पाणी, काहींना दोन्ही. आणि चौथा प्रकार न्हाव्यांच्या दुकानांत वापरला जाणारा, जो माणसाच्या लाळेने काम देतो. ह्या प्रकारात स्पेनमधील लामिनियमचे दगड श्रेष्ठ, असे तो सांगतो. ठिसूळ आणि मऊ असण्याचा ह्या दगडांचा दोषही तो नोंदवतो. झिजेकडे लक्ष देणारा हा प्राचीन साक्षीदार कवी नसून वस्तुसंग्राहक आहे, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

दगडाची निगा त्याच्या जातीवर अवलंबून असते. बेल्जियममधील आर्देन प्रदेशात, व्हीलसाल्मच्या परिसरात, ‘कोटिक्यूल’ हा पिवळसर दगड काळसर-निळ्या स्लेटच्या थरांत पातळ पट्ट्यांच्या रूपाने मिळतो. त्यातील गार्नेटचे अतिसूक्ष्म स्फटिक पोलादाला कापतात. छोट्या दगडाने त्याचे पृष्ठ पाण्यात घासले की दुधासारखे गढूळ पाणी सुटते आणि दगड जलद काम करतो. पाणी घालून ते विरळ करीत गेले की तोच दगड सौम्य होत जातो. जपानमध्ये क्योतोच्या वायव्येस नारुताकीच्या डोंगरांतून निघणारे दगड शेवटच्या धारेसाठी प्रसिद्ध आहेत. त्यांवर ‘नागुरा’ नावाचा लहान दगड घासून असेच गढूळ पाणी काढतात. हे दगड थरांचे बनलेले असल्याने बाजूंनी पाणी शिरून दुभंगण्याचा संभव असतो. म्हणून बाजूंना लाखेसारखे रोगण देतात. नागुराचे काम दुहेरी आहे. तो पृष्ठ जागे करतो आणि रोज थोडी थोडी सपाटीही राखतो.

आर्कान्साचा नोवाक्युलाइट ह्याच्या अगदी उलट टोकाचा. तो मुख्यतः सूक्ष्म स्फटिकी गारेचा असून फार कठीण आहे. १८९२ साली प्रसिद्ध झालेला एल. एस. ग्रिझवोल्ड ह्यांचा त्या राज्याच्या भूशास्त्रीय पाहणीतील अहवाल हा ह्या दगडांचा विस्तृत अभ्यास आहे. एकदा सपाट केल्यावर हा दगड दीर्घकाळ सपाट राहतो. त्याचे कण सहसा सुटत नाहीत. त्यामुळे त्याचे पृष्ठ जसे घासून तयार केले असेल तसेच तो काम करतो. जाड पुडीवर घासलेला आणि बारीक पुडीवर घासलेला एकच दगड दोन निराळ्या दगडांसारखा वागतो. मऊ दगडात सपाटी जपावी लागते आणि कठीण दगडात पृष्ठाचा पोत जपावा लागतो, असे सूत्ररूपाने म्हणता येईल.

कारखान्यात घडविलेल्या पाण्याच्या दगडांत आरंभीचे जाड दगड सर्वांत जलद झिजतात. हजार क्रमांकाच्या दगडाचा कण सुमारे अकरा-बारा मायक्रॉनचा असतो. ह्या दगडावर धारेचा पाया घातला जातो, म्हणून त्याची सपाटी प्रत्येक वस्तऱ्यानंतर, आणि काम मोठे असेल तर मध्येही, तपासावी. बारीक दगडाला प्रत्येक वापरापूर्वी दोन-चार हात पुरतात. खळगा खोल होईपर्यंत थांबून मग एकदम दगड उतरविण्यापेक्षा रोजची ही किरकोळ झीज स्वस्त पडते, कारण तिच्यात दगड कमी जातो. हात देताना दगडाचा सारा पृष्ठभाग वापरावा, एका टोकाला आरंभ करून काही वेळाने दुसऱ्या टोकाने आरंभ करावा. भट्टीत भाजून घट्ट केलेले दगड पाण्यात बुडवून ठेवता येतात. मॅग्नेशियाने बांधलेले दगड मात्र पाण्यात पडून राहिले तर मऊ होतात व तडकतात. ओला दगड उन्हात किंवा विस्तवाजवळ वाळवू नये. सावलीत हळूहळू वाळू द्यावा. तेलाचा दगड तेलाने पुसूनच ठेवावा. जुने तेल सुकून पृष्ठावर बसले की कण झाकले जातात आणि दगड निसरडा होतो.

६. समारोप

भारतात १९८६ साली एचआयव्हीच्या संसर्गाची पहिली नोंद झाली. त्यानंतरच्या काळात रक्तातून पसरणाऱ्या रोगांविषयी जाणीव वाढली आणि प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवे पाते लावता येईल असा वस्तरा केशकर्तनालयांत सर्वत्र रूढ झाला. आरोग्याच्या दृष्टीने हा बदल योग्यच होय, आणि त्याबद्दल हळहळ करण्याचे कारण नाही. परंतु ह्या बदलाबरोबर निसणा धोकटीतून गेला, आणि त्याच्या मागोमाग दगड पाहण्याची, घासण्याची आणि राखण्याची बोलीही जात आहे. कोशांतून ‘निसणा’ ह्या नामाचा अर्थ मिळेल. दगडाची कड मारणे, त्याचे पाणी विरळ करीत जाणे, उजेडावर धरून त्याचा पीळ पाहणे, ह्या क्रियांना नाभिकांच्या आणि शिकलगारांच्या तोंडी कोणते शब्द होते, ते मात्र कोशावरून कळत नाही. ज्यांच्या हातांना ही विद्या होती त्यांच्या हाती लेखणी क्वचितच होती. आणि ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांनी धारेची प्रतिमा घेतली, दगड घेतला नाही. ही बोली आठवणारे वृद्ध कारागीर हयात आहेत तोवर ती त्यांच्याकडून लिहून घेणे हे भाषाभ्यासकांचे तातडीचे काम आहे.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला ह्यात आणखी एक धडा आहे. होरेसची प्रतिमा आणि भर्तृहरीची प्रतिमा एकमेकींवर ठेवून पाहिल्या तर त्या छान जुळतात. दोन दूरच्या परंपरांचे असे मतैक्य पाहिले की हेच मानवी अनुभवाचे सार्वत्रिक सत्य, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु दोन दगडांच्या जुळण्याविषयी जे खरे, तेच येथेही खरे आहे. दोघांनीही दगड अचल मानला, म्हणून ते जुळले. खुरसिलेची अनुज्ञा देणारा विनयग्रंथ, ठिसूळ दगडाची नोंद करणारा प्लिनी आणि दगडावर पेन्सिलीची जाळी आखणारा कारागीर ह्यांची साक्ष तिसऱ्या दगडासारखी आहे. ती ह्या दोघांशी जुळत नाही, आणि त्यामुळेच त्यांच्यातील सामाईक वक्रता दिसू लागते.

समीक्षकाने निसणा व्हावे, हे होरेसचे म्हणणे अमान्य करण्याचे कारण नाही. त्याला पुरवणी तेवढी जोडावी लागेल. निसणाही प्रत्येक पात्याबरोबर थोडा झिजतो, जेथे वारंवार हात फिरतो तेथेच खोल जातो, आणि आपला खळगा त्याला स्वतःला दिसत नाही. पात्याला धार येईनाशी झाली म्हणजे पात्याला दोष देण्यापूर्वी दगड उजेडावर धरून पाहावा, हा कारागिराचा नियम अभ्यासकानेही पाळावयास हवा.